घरातल्या राबण्याचा मिनिटांत हिशेब: वेळ-वापर सर्वेक्षणाचा युनिट लेव्हल डेटा कितपत कामाचा?

भारतात घरात कोण किती राबतं, हे देशभरच्या नमुन्यावर आणि मिनिटांच्या हिशेबात सांगणारं सरकारी सर्वेक्षण एकच आहे: राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळ-वापर सर्वेक्षण, म्हणजे टाइम यूज सर्व्हे. देशभर ते पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं आणि दुसऱ्यांदा २०२४ मध्ये. दोन्ही वेळी जानेवारी ते डिसेंबर असं पूर्ण वर्ष. २०१९ ला १,३८,७९९ कुटुंबांतल्या सहा वर्षांवरच्या ४,४७,२५० माणसांचा एकेक दिवस नोंदवला गेला, तर २०२४ ला १,३९,४८७ कुटुंबांतल्या ४,५४,१९२ माणसांचा. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून आपल्याकडच्या घरांबद्दल ह्या पद्धतीने बोलायचं तर सुरुवात २०१९ पासूनच होते.

अहवालातले मोठे आकडे वर्तमानपत्रांतून सगळ्यांपर्यंत पोचले आहेत. हे परीक्षण अहवालामागच्या कच्च्या डेटाचं, म्हणजे एकेका कुटुंबाच्या आणि माणसाच्या मूळ नोंदींचं (युनिट लेव्हल डेटाचं) आहे. तो विनाशुल्क मिळतो, आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, स्त्री-अभ्यास शिकणाऱ्यांनी आणि घरकामगार, शेतमजूर बायांमध्ये काम करणाऱ्या संघटनांनी तो उघडून बघायला हवा. आमचं मत आधीच सांगतो: घरकाम, मुलाबाळांचा आणि म्हाताऱ्यांचा सांभाळ, पाणी-सरपण, नोकरी आणि घर यांची एकाच दिवसातली ओढाताण ह्यासाठी ह्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. स्थलांतराचा अभ्यास मात्र केवळ ह्यावर करू नका. त्याची कारणं पुढे सविस्तर येतील.

मिळवायचा कसा

सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर ईमेलने खातं उघडायचं, कॅटलॉगमध्ये सर्वेक्षण शोधायचं, वापराचा हेतू लिहून अटी मान्य करायच्या आणि फाइल उतरवून घ्यायच्या. पूर्वी ह्याला पैसे पडत, आता पडत नाहीत. डेटासोबत तीन कागद हमखास घ्या: मूळ प्रश्नावली, क्षेत्र-कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनांची पुस्तिका आणि कोणता रकाना कुठे आहे हे सांगणारी लेआउट फाइल. सूचनांची पुस्तिका कंटाळवाणी म्हणून बहुतेक जण सोडून देतात, पण ह्या डेटातल्या निम्म्या शंकांची उत्तरं तिथेच आहेत. ‘कुटुंबातला माणूस’ कुणाला म्हणायचं इथपासून ते भात शिजत असताना मुलाचा अभ्यास घेणं कसं लिहायचं इथपर्यंत.

वेळेच्या नोंदींची फाइल एक्सेलमध्ये उघडायच्या भानगडीत पडू नका. एका माणसाच्या दिवसाच्या अनेक ओळी असतात, त्यामुळे एकूण ओळी एक्सेलच्या १०,४८,५७६ ह्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातात आणि उरलेला डेटा गळून पडतो. शिवाय कोडच्या सुरुवातीचं शून्य उडतं आणि फाइली जोडताना काहीच जुळत नाही. आर, स्टाटा किंवा पायथन ह्यांपैकी एखादं सॉफ्टवेअर वापरा, आणि सगळे ओळख-रकाने मजकूर म्हणून वाचून घ्या. महाराष्ट्राचा राज्य कोड २७, गोव्याचा ३०.

कुटुंबाची एकमेव ओळख बनवायला पहिल्या टप्प्यातल्या नमुना-घटकाचा (निवडलेल्या गावाचा किंवा शहरी गटाचा) क्रमांक, त्यातला उपविभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर (घरं ज्या गटांत विभागून निवडली तो गट) आणि कुटुंबाचा अनुक्रमांक हे सगळं एकत्र लागतं. दुसऱ्या टप्प्याचा स्तर विसरला की एकाच गावातली दोन वेगळी घरं एक होऊन बसतात. माणसासाठी त्यापुढे सदस्याचा अनुक्रमांक जोडायचा. जोडणी झाल्यावर एक साधी तपासणी करा: कुटुंबाच्या फाइलमध्ये लिहिलेली सदस्यसंख्या आणि सदस्यांच्या फाइलमधल्या ओळी सारख्या भरतात का? भरत नसतील तर पुढे जाऊच नका.

खरी ताकद कशात आहे

चौकशीच्या आदल्या दिवशी पहाटे चार ते चौकशीच्या दिवशी पहाटे चार, असे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत विचारले जातात. एका कप्प्यात तीनपर्यंत कामं लिहिता येतात. प्रत्येक कामाला तीन अंकी कोड, ते घरात झालं की बाहेर, त्याचे पैसे मिळाले की नाही, कप्प्यात एकाहून जास्त कामं असतील तर ती एकदमच झाली का आणि त्यातलं मुख्य कोणतं, एवढं सगळं नोंदलेलं असतं. कोड संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या वर्गीकरणाचे आहेत, त्यामुळे बाहेरच्या देशांशी तुलना शक्य होते.

पण अभ्यासकाच्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट निराळी आहे: घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा दिवस मागितलेला असतो. नवरा-बायको, सासू-सून, बहीण-भाऊ यांचे दिवस शेजारी ठेवून बघता येतात. संध्याकाळी सहा ते आठ ह्या वेळात सून स्वयंपाकघरात असताना घरातली बाकीची माणसं काय करत होती, ह्याचं उत्तर सरासऱ्यांत मिळत नाही, पण इथे कप्प्याकप्प्याने मिळतं. दहा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्याच घरातला त्याच वयाचा मुलगा यांची अभ्यासाची, खेळाची आणि कामाची मिनिटं एकमेकांसमोर मांडता येतात. घर तेच, आईबाप तेच, त्यामुळे उत्पन्नाचा किंवा जातीचा फरक आपोआप बाजूला पडतो आणि मुलगी असण्याचा फरक तेवढा उरतो. लिंगभावावरच्या प्रबंधाला ह्याहून चांगली मांडणी सहसा मिळत नाही.

कुटुंबाच्या रचनेत मात्र एक अडचण आहे. प्रत्येकाचं नातं कुटुंबप्रमुखाशी लिहिलेलं असतं, एकमेकांशी नाही. प्रमुख १, त्याचा जोडीदार २, विवाहित अपत्य ३, त्याचा जोडीदार ४, अविवाहित अपत्य ५, नातवंड ६, आई-वडील किंवा सासू-सासरे ७, भावंडं आणि इतर नातेवाईक ८, नोकर आणि नात्याबाहेरचे ९. घरात दोन विवाहित मुलगे असले तर कोणती सून कुणाची, हे कोडवरून ठरत नाही. अशी घरं जोडप्यांच्या विश्लेषणातून वगळावीत आणि तसं स्पष्ट लिहावं. अंदाजाने जोड्या लावू नयेत. सासू-सून जोडी शोधायची तर मुख्य दोन वाटा आहेत. सासरा प्रमुख असेल तर २ आणि ४ घ्या. मुलगा प्रमुख असेल तर ७ मधली बाई आणि २ घ्या. दुसऱ्या वाटेत ७ म्हणजे प्रमुखाची आई की सासू, हे फाइल सांगत नाही. बहुतेक घरांत ती आईच असणार, तरी हे गृहीत धरलंय असं नमूद करायला हवं.

कोड ९ कडेही लक्ष द्या. मालकाच्या घरी राहून तिथेच जेवणारी मोलकरीण ही सर्वेक्षणाच्या व्याख्येने त्या कुटुंबाची सदस्य ठरते. ‘घरातल्या बायका दिवसाला किती वेळ काम करतात’ असं काढताना तिला वगळलं नाही, तर मालकिणीच्या घराचा हिशेब बिघडतो. आणि घरकामगारांचाच अभ्यास असेल तर ह्या ओळी जपून ठेवा. मात्र त्या फक्त राहत्या कामवाल्यांच्या आहेत. चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणारी बाई तिच्या स्वतःच्या कुटुंबात नोंदलेली असते, आणि तिला शोधायचं तर व्यवसायाच्या रकान्यांतून जावं लागतं.

आकडा काढताना पाय कुठे घसरतो

सगळ्यात मोठा घोळ सरासरीचा. अहवालात दोन सरासऱ्या असतात: त्या दिवशी ते काम केलेल्यांची, आणि केलं-न केलं अशा सगळ्यांची. २०१९ मध्ये विनामोबदला घरकामात बायकांची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं, हे आकडे सगळीकडे छापले गेले. वाचणाऱ्याला वाटतं की पुरुष तिसरा हिस्सा तरी उचलतात. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांची आहे. असे पुरुष २६.१ टक्के होते आणि बायका ८१.२ टक्के. सगळ्यांत वाटून पाहिलं तर बायकांच्या वाट्याला २४३ मिनिटं येतात आणि पुरुषांच्या वाट्याला २५. तिप्पट वाटणारी दरी प्रत्यक्षात जवळजवळ दसपट निघते. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘जो करतो तो किती करतो’ आणि ‘समाजात हे काम कसं वाटलेलं आहे’ ह्यातलं तुम्ही काय विचारताय, ते आधी कागदावर लिहा आणि मगच प्रोग्राम लिहायला बसा.

काळातल्या बदलाचंही तसंच. २०२४ मध्ये काम केलेल्या बायकांची सरासरी २८९ मिनिटांवर आली, म्हणून ‘बायकांचं घरकाम घटलं’ असं लिहिलं गेलं. पण पुरुषांचीही ८८ वर आली. फरक २०१९ ला २०२ मिनिटांचा होता, २०२४ ला २०१ मिनिटांचा आहे. गॅस, मिक्सर, नळ यांमुळे काम थोडं कमी झालं असेल, वाटणी मात्र जागची हललेली नाही. त्यातच १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी त्या दिवशी रोजगाराशी संबंधित काम केलेल्यांचं प्रमाण २१.८ वरून २५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे बाहेरचं काम वाढलं आणि घरातली दरी तशीच राहिली. हे निष्कर्ष राज्य किंवा सामाजिक गटाच्या पातळीवर नेताना प्रमाणदोष (स्टँडर्ड एरर) काढायलाच हवेत. दहा मिनिटांचा फरक देशाच्या नमुन्यात टिकतो, पण एका राज्यातल्या एका गटात तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

पाणी आणि सरपणाचा मुद्दा महाराष्ट्रासाठी फार मोलाचा आहे, आणि नेमका तोच निसटतो. ह्या वर्गीकरणात नऊ मोठे विभाग आहेत. घरकाम तिसऱ्या विभागात, सांभाळ चौथ्या. पण पाणी भरणं आणि सरपण गोळा करणं ह्यांना दुसऱ्या विभागात टाकलंय, ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन’ ह्या नावाखाली. तिसऱ्या विभागाची बेरीज करून ‘घरकाम’ असं शीर्षक दिलं की मराठवाड्यातल्या टँकरच्या रांगेतला वेळ आणि पालघर-नंदुरबारच्या डोंगरातली मोळी दोन्ही हिशेबातून जातात. शिवाय जिथे नळ आहे आणि जिथे नाही, अशा दोन घरांतल्या बायका सारख्याच मोकळ्या दिसायला लागतात. दुसऱ्या विभागातले २४ ने सुरू होणारे कोड घरकामाच्या बेरजेत मिळवा आणि तळटीपेत तसं सांगा. जनावरांचा चारापाणी, स्वतःपुरता भाजीपाला ही कामंही त्याच दुसऱ्या विभागात आहेत. ती धरायची की नाही, हे अभ्यासाच्या प्रश्नावर ठरवा.

मुलांच्या सांभाळाची मिनिटं नेहमी कमी भरतात. कारण सांभाळ हे काम एकटं होतच नाही. भाकरी थापताना एक डोळा रांगत्या पोरावर असतोच. अशा नुसत्या लक्ष ठेवण्याला वेगळा कोड आहे, ४१६. पण विचारणाऱ्याने मुद्दाम विचारलं नाही तर बाई ‘स्वयंपाक करत होते’ एवढंच सांगते, आणि पोराकडे बघणं तिला स्वतःलाही काम वाटत नाही. अहवालात फक्त मुख्य कामांचे तक्ते वेगळे आणि सगळ्या कामांचे वेगळे आहेत. सांभाळाबद्दल लिहिताना मुख्य कामांचे तक्ते वापरू नका. एकाच कप्प्यातल्या कामांत वेळ कसा वाटायचा, त्याचा नियम अहवालात दिलेला आहे. तोच पाळला तर तुमचे आकडे छापील आकड्यांशी जुळतील. कप्प्याची तीस मिनिटं प्रत्येक कामाला पूर्ण दिलीत, तर दिवस चोवीस तासांहून मोठा होतो.

म्हणून प्रत्येक माणसाची बेरीज १,४४० मिनिटं येते का ते तपासा. मध्यरात्र ओलांडणाऱ्या ओळीत शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली की उणे आकडा येतो. तिथे चोवीस तास मिळवावे लागतात. झोपेची मिनिटं संशयास्पद दिसू लागली तर चूक सहसा इथेच सापडते.

आणखी दोन रकाने दुर्लक्षित राहतात. एक, तो दिवस नेहमीसारखा होता की वेगळा. लग्नकार्य, आजारपण, सण असलेले दिवस नमुन्यात आहेत आणि असायलाच हवेत, पण ‘रोजचा दिवस’ असं शब्दांत म्हणणार असाल तर नेहमीचे दिवस वेगळे काढून बघा. दुसरा रकाना म्हणजे उत्तर कुणी दिलं. घरातला माणूस भेटला नाही तर त्याचा दिवस दुसऱ्याने सांगितलेला असू शकतो. नवऱ्याने बायकोचा दिवस सांगितला की तो ‘घरकाम’ ह्या एकाच मोठ्या तुकड्यात येण्याचा धोका असतो, आणि बायकोने नवऱ्याचा सांगितला की दुपारची चहाची टपरी कामात जमा होते. स्वतः सांगितलेल्या दिवसांवर निष्कर्ष पुन्हा काढून बघा. तो बदलत असेल तर वाचकाला ते कळायला हवं.

वेट, म्हणजे नमुन्यातली एक नोंद किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा, लावण्याबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या बहुतेक फायलींत हे वेट काढायला मल्टिप्लायरच्या रकान्याला १०० ने भागायचं असतं, आणि काही ओळींत २०० ने. कोणत्या ओळीत काय, हे उपनमुन्याच्या दोन रकान्यांवरून ठरतं आणि फाइलसोबतच्या टिपणात लिहिलेलं असतं. ते न बघता बेरीज केली तर लोकसंख्या भलतीच येते. बरोबर वेट लावूनही ह्या सर्वेक्षणांतली लोकसंख्या जनगणनेच्या अंदाजाहून कमीच भरते, म्हणून टक्केवारी आणि सरासरी वापरा. ‘इतके कोटी बायका’ असं थेट ह्यातून लिहू नका. जिल्ह्याचा आकडाही काढू नका. जिल्ह्याचा कोड फाइलमध्ये दिसतो म्हणून मोह होतो, पण एका गावात किंवा शहरी गटात जेमतेम चौदा घरं, आणि जिल्ह्यात असे घटक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. गोव्याबाबत तर पूर्ण राज्याचा नमुनाच लहान आहे. तिथे ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष ह्यापलीकडे तुकडे पाडले की हाती काही उरत नाही.

स्थलांतर: इथे हा डेटा कमी पडतो

सगळी मेख ‘कुटुंब’ ह्या व्याख्येत आहे. एकत्र राहणारे, एका चुलीवर जेवणारे लोक म्हणजे कुटुंब. सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर गेलेला माणूस घरचाच सदस्य, आणि सहा महिन्यांहून कमी काळासाठी आलेला माणूस पाहुणा. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण कोकणातलं एखादं घर घ्या. नवरा मुंबईला खोलीवर, बायको गावी सासू आणि मुलांसोबत. सर्वेक्षणात ही दोन वेगळी कुटुंबं होतात आणि त्यांना जोडणारा धागा फाइलमध्ये कुठेच नाही. बायकोचं घर ‘स्त्री-प्रमुख’ म्हणून दिसतं. शेतीची मजुरी ठरवणं, बँक, दवाखाना, शाळा अशी एरवी नवऱ्याने केली असती ती कामं तिच्या दिवसात आलेली दिसतात, पण ती का आली हे दिसत नाही. घरात विवाहित स्त्री आहे आणि तिचा नवरा सदस्यांत नाही, अशी घरं निवडून अंदाज बांधता येतो. तो अंदाज आहे हे विसरू नये, एवढंच.

दुसरी फाइल घ्यायची तर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची जुलै २०२० ते जून २०२१ ची. त्यात स्थलांतराचे प्रश्न जोडले होते. देशात २८.९ टक्के लोक स्थलांतरित निघाले, पुरुष १०.७ टक्के, स्त्रिया ४७.९ टक्के. स्थलांतरित बायकांपैकी ८६.८ टक्क्यांचं कारण ‘लग्न’. हा आकडा नुसता उद्धृत करून पुढे जाणं हा बायकांच्या स्थलांतरावरच्या मराठी लेखनातला जुना दोष आहे. प्रश्नावलीत मुख्य कारण एकच लिहिलं जातं. लातूरहून लग्न करून पिंपरीला आलेली आणि सहा महिन्यांत पॅकिंगच्या कामाला लागलेली मुलगी कायमची ‘लग्न’ ह्या खान्यात राहते. त्याच फाइलमध्ये तिची आजची कामाची स्थिती आणि येऊन किती वर्षं झाली, हे दोन्ही आहे. कारणाच्या रकान्याला ह्या दोन रकान्यांशी छेद द्या. ‘लग्नामुळे आलेल्या’ बायकांतल्या किती जणी शहरात कमावत्या आहेत हे पाच ओळींच्या प्रोग्राममध्ये निघतं, आणि ते चित्र शीर्षकातल्या टक्केवारीहून कितीतरी बोलकं असतं. कामाची स्थिती बघताना कोड ९२ आणि ९३ वेगळे ठेवा. ९२ म्हणजे फक्त घरकाम, आणि ९३ म्हणजे घरकामासोबत घरासाठी सरपण-चारा गोळा करणं, शिवण-विणकाम वगैरे. कोड २१ म्हणजे घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदतनीस. स्त्रियांचा श्रमसहभाग वाढल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक लेखात हा २१ कुठे गेला ते विचारलं पाहिजे.

ती फाइल कोविडच्या वर्षातली आहे हेही लक्षात ठेवा. मार्च २०२० नंतर येऊन पंधरा दिवस ते सहा महिने राहिलेल्या तात्पुरत्या पाहुण्यांची वेगळी नोंद तिच्यात आहे. ते लोकसंख्येच्या ०.७ टक्के भरले. बाहेर गेलेले सदस्य आणि त्यांनी धाडलेले पैसे ह्यांवर काम करायचं असेल तर जुनी असली तरी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २००७-०८ ची चौसष्टावी फेरीच उघडावी लागते. तिच्यात १,२५,५७८ कुटुंबं आहेत, आणि नोकरीसाठी एक महिना ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांचा प्रश्नही आहे.

तरीही ऊसतोड कामगारांचा तोडीचा काळ ह्या सगळ्या जाळ्यांतून निसटतो. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना भागातून टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. मुक्काम सहा महिन्यांच्या जरा आत. त्यामुळे साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) सर्वेक्षक आला तरी व्याख्येने ते तिथले नव्हेत, आणि त्यांच्या गावी गेला तर घराला कुलूप. कुलूपबंद घराऐवजी दुसरं घर घेतलं जातं. वेळ-वापराच्या नमुन्यात हे लोक येतात ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे गावी असतानाचे. त्यांचा सर्वांत कष्टाचा काळ मोजमापातच येत नाही. हिवाळ्यातल्या मराठवाड्याचा ह्या डेटातला दिवस हा मागे राहिलेल्यांचा दिवस आहे.

हंगामी स्थलांतरावर काम करणाऱ्यांनी म्हणून सरकारी प्रश्नावली साचा म्हणून घ्यावी आणि स्वतःच्या क्षेत्रासाठी बदलावी. कोडची यादी, कप्प्यांची पद्धत, मुख्य आणि सोबतचं काम हा भेद जसाच्या तसा ठेवा, म्हणजे राष्ट्रीय आकड्यांशी तुलना करता येईल. बदलायचं ते हे. पहाटे चारची सुरुवात ऊसतोडीच्या दिवसाला जुळत नाही. त्या वेळी स्वयंपाक उरकून फडाकडे (उसाच्या शेताकडे) निघायची घाई असते, आणि ऊस न्यायची गाडी उशिरा लागली तर भरणी रात्रीही चालते. रात्रीच्या जेवणापासून पुढच्या रात्रीच्या जेवणापर्यंत विचारलं तर माणसाला आठवायला सोपं जातं, आणि तासांची मोजणी नंतर कार्यालयात करता येते. गाडी कधी लागली आणि कधी हलली, हे दोन खुणेचे प्रसंग आधी विचारा. बाकीच्या वेळा त्यांच्या आगेमागे लागतात.

पैसे मिळाले की नाही, हा रकाना तर इथे मोडतोच. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (आगाऊ रक्कम) जोडीच्या नावे आणि टनामागचा दरही जोडीचा. मुकादमाशी (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराशी) हिशेब सहसा पुरुष करतो. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. तिच्या ओळीत ‘पैसे मिळाले’ लिहिलं तर तिच्या हातात काही आलं असा अर्थ होतो, आणि ‘नाही’ लिहिलं तर ती बिनपगारी मदतनीस ठरते. दोन्ही चूक. ह्या एका रकान्याचे तीन करा: ह्या कामाची मजुरी ठरलेली आहे का, ती कुणाच्या नावावर आहे, आणि हातात कुणी घेतली. आंब्याच्या बागांत येणारे गडी, वीटभट्टीवरची जोडपी, खडी फोडणाऱ्या वस्त्या ह्यांनाही हेच तीन रकाने लागू पडतात.

जोडप्यातल्या दोघांना एकाच दिवसाबद्दल, पण वेगवेगळं बसवून विचारा. दिवसभर कामात असलेली माणसं कोपीवर अंधार पडल्यावरच भेटतात, आणि तेव्हा बाई चुलीपाशी असते. तिची मुलाखत आधी घ्यायची तर स्वयंपाक खोळंबतो, नंतर घ्यायची तर तिला झोप येत असते. कारखाना बंद राहतो त्या दिवशी किंवा गाडीची वाट बघत फडात बसलेल्या वेळी आदल्या दिवसाबद्दल विचारणं त्यातल्या त्यात सोयीचं. मात्र बंदच्या दिवसानंतर लगेच विचारलं तर आदला दिवस कामाचा नसतो, म्हणून तारखेसोबत ‘कालची तोड झाली की नाही’ हे लिहून ठेवा. मुलांसाठी सहा वर्षांची अट खाली आणायची की नाही, ह्याचा निर्णय क्षेत्रावर जाण्याआधी घ्या. कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणारं पोर बऱ्याचदा त्याहून लहान असतं. त्याला वेगळी डायरी (दिवसाच्या नोंदीचा तक्ता) देण्याऐवजी आईच्या डायरीत ‘त्या वेळी बाळ कुणाकडे होतं’ असा एक रकाना प्रत्येक कप्प्यासमोर घातला की ती माहिती येते.